हिरव्या लुगड्याचा पदर कुठे गेला

शहापुरात तहसील कचेरीजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दिवसभर माणसं कागद घेऊन येतात आणि मशीनचं झाकण उघडण्याआधी मी तो कागद उलटापालटा करून बघते. "ही मूळ प्रत आहे का?" हा माझा ठरलेला प्रश्न. माणसं वैतागतात. झेरॉक्सची झेरॉक्स काढली तर काय बिघडलं, म्हणतात. बिघडत काहीच नाही, अक्षरं जरा पुसट येतात एवढंच. पण मला आपलं कळलेलं बरं. नवरा म्हणतो, तू पोलिसात जायला हवी होतीस. मी सांगते, हा गुण माझा नाही, आजीकडून आलाय.

आजी म्हणजे वडिलांची आई. आमचं गाव तानसाच्या बाजूला, आणि त्या गावात आजीइतकी संशयी बाई दुसरी नव्हती. तांदळाच्या पिंपात वरचा तांदूळ ती हाताने सारखा करायची आणि त्यावर आपला पंजा उमटवून झाकण लावायची. तिला न विचारता कोणी मूठभर तांदूळ काढला तर पंजा मोडणार, म्हणजे चोरी सापडणार. घरात चोरी करण्याजोगं माणूस एकच होतं, माझी आई. आईनेही एकदा तांदूळ काढून वर स्वतःचा पंजा उमटवून ठेवला. आजीने झाकण उघडलं, वाकून बघितलं आणि म्हणाली, "माझी बोटं कवापासून आखूड झाली गो?"

आईही काही कमी नव्हती. सासूने पुढे केलेला चहा ती आधी मांजराच्या वाटीत थोडा ओतायची. मांजर म्हातारं होऊन मेलं, पण चहाने नाही. वडील गेल्यावर तर घरात मोठी माणसं या दोघीच राहिल्या आणि एकमेकींवर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवायला लागल्या. भांडण मात्र मोठ्या आवाजात कधी झालं नाही. सगळं भांडी आपटण्यात आणि दारं ओढून घेण्यात चालायचं. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरात असं असतं.

या आजीने मला गोधडी दिली.

आमच्याकडे गोधडी शिवायची म्हणजे आधी पडवी सारवून घ्यायची, ती वाळली की त्यावर लुगडं अंथरायचं आणि चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. आत जुने सदरे, फाटकी धोतरं, विरलेली पातळं, आणि वर पुन्हा चांगलं कापड. मग कडेने टाका सुरू होतो आणि गोल गोल आत येत मधोमध संपतो. त्या मधल्या जागेला आजी गोधडीचं पोट म्हणायची. पोट शिवून बंद करण्याआधी ती एका चिंधीत चिमूटभर भात, म्हणजे सालासकट दाणे, बांधून आत सारायची आणि वरून घट्ट टाके घालायची. लहानपणी मी विचारलं होतं, हे कशाला? तर म्हणाली, "उपाशी गोदडी पांघरली की मानूस पन उपाशी ऱ्हातं." आणि लगेच, "कोनाला सांगू नको." हे कोणाला सांगण्यात काय धोका होता ते मला आजवर कळलेलं नाही, पण तिची प्रत्येक गोष्ट याच वाक्याने संपायची.

माझं लग्न ठरलं तेव्हा तिची नजर अधू झाली होती. सुईत दोरा मी ओवून द्यायचे. तरी तिने एक गोधडी शिवली, आणि वरच्या अंगाला लावलं ते तिचं हिरवं लुगडं. जांभळ्या काठाचं. ते ती फक्त लग्नाकार्याला आणि गौरीला नेसायची. एरवी कोणाला हात लावू द्यायची नाही. आई त्या लुगड्याची घडी घालायला गेली तरी म्हणायची, "ऱ्हाऊ दे, तुझ्या बांगड्या लागतील." असं लुगडं कापून तिने माझी गोधडी केली. वऱ्हाड निघायच्या आदल्या दिवशी माझी ट्रंक उघडून सगळ्या साड्यांच्या खाली ती सरकवली, माझा हात धरून गोधडीच्या पोटापाशी नेला, आतला भात बोटांना लागू दिला आणि म्हणाली, "ही एकच केलेली हाय. तुझी एकटीची. आयला सांगू नको. तुझ्या आत्याला त अजिबात नको."

तिने जन्मात कोणाशी गोड बोललेलं मी ऐकलं नव्हतं. एवढं बोलली तेव्हा मला रडू फुटलं. इतक्या संशयी बाईने सगळ्या जगातून एका माणसावर विश्वास टाकला आणि ते माणूस मी, याचा मला फार अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू, तो अभिमान पुढे सासरी मला पुष्कळ पुरला. कोणी टाकून बोललं की मी मनात म्हणायचे, बोला, माझ्याकडे काय आहे ते तुम्हाला कुठे ठाऊक आहे.

लग्नानंतर मी गावी गेले की आजी मला पडवीत बाजूला बसवून चौकशी करायची. दुकानाची, नवऱ्याची, आणि हटकून एक प्रश्न, "तुझी आय हल्ली काय पांघरते गो?" मी सांगायचे, "चादर." ती "बरं" म्हणायची आणि दांडीवर वाळत घातलेल्या कपड्यांकडे बारीक डोळे करून बघत बसायची. मला वाटायचं, सुनेने चोरून नवीन ब्लँकेट आणलंय का, याचा तपास चाललाय. मी तिला साथ द्यायचे. खरंच चादरच असते, मी बघितलंय, असं पटवून सांगायचे. आजी गेली त्या वर्षीही तिने हे विचारलं होतं.

आता मुरबाडची गोष्ट. माझी आत्या मुरबाडच्या पुढच्या एका गावात दिलेली. तिची मुलगी, म्हणजे माझी आतेबहीण, त्याच गावात लग्न करून राहिली. मागच्या पौषात म्हसाच्या जत्रेला गेले होते, परत येताना म्हटलं तिच्याकडे डोकावून जावं. तिच्या अंगणात शिरले तर कुंपणावर माझी गोधडी वाळत घातलेली.

तेच हिरवं, तोच जांभळा काठ, कडेने तेच बारीक पांढरे टाके. पहिला विचार आला तो चोरीचा. माझ्या कपाटाची किल्ली कुठे असते ते कोणाला ठाऊक आहे? दिवाळीत कोण कोण येऊन गेलं? ही बया भाऊबीजेला आली होती आणि मी चहा ठेवायला आत गेले होते. सगळं जुळत होतं. मी कुंपणाजवळ गेले आणि गोधडीचं पोट चाचपलं. भात होता.

"काय चाचपतंस गो ताये?" ती मागच्या दारातून धुण्याची बादली घेऊन आली होती.

"काय नाय. छान हाय गोदडी. कुठून घेतलीस?"

तिचा चेहरा उतरला. खरंच उतरला, मी माणसांचे चेहरे रोज बघते. बादली खाली ठेवून म्हणाली, "म्हसाच्या जत्रेत घेतली."

म्हसाच्या जत्रेत घोंगड्या मिळतात, बैल मिळतात, पाळणे आणि मिठाई मिळते. आजीचं लुगडं मिळत नाही. ही माझ्या तोंडावर खोटं बोलत होती. मी चहा घेतला नाही. ऊन उतरलंय, गाडी चुकेल, असं काहीतरी सांगून निघाले. सरळगाववरून किन्हवलीकडे येणाऱ्या एसटीत बसले आणि वाटेत मनातल्या मनात तिला इतकं बोलून घेतलं की शहापूर येईपर्यंत माझा घसा कोरडा पडला होता.

घरी येऊन चपला न काढता कपाट उघडलं. माझी गोधडी जागच्या जागी होती.

सुटका झाल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट जास्तच बिघडलं. चोरी झाली असती तर ओरडता आलं असतं, भांडता आलं असतं. आता कळेना भांडायचं कोणाशी. दोन आहेत म्हणजे एक नक्कल आहे, आणि नक्कल कोणाची? तिची की माझी? मी गोधडी दिव्याखाली धरून टाके तपासले. आजीच्या हाताचेच वाटत होते. पण मशीनवरसुद्धा नक्कल इतकी हुबेहूब निघते की मूळ कागदाचा मालक चुकीचा कागद घेऊन जातो, हे मी रोज बघते. कितीतरी दिवस मी ती पांघरली नाही. नुसती हात लावून बघायचे आणि परत ठेवायचे.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी ती पिशवीत भरून मुरबाडला गेले. आतेबहिणीने दार उघडलं, पिशवीतून डोकावणारा हिरवा रंग बघितला आणि मटकन उंबऱ्यावरच बसली.

"म्हंजे तुला पन?"

मी म्हटलं, "तुला काय सांगून दिली?"

"एकच केलेली हाय बोलली. माझी एकटीची." मग म्हणाली, "तुला त अजिबात सांगू नको, असं बोलली."

मला! आजीने हिला सांगितलं होतं की मला सांगू नको. नाकाला मिरच्या झोंबल्या. पण करणार काय. आम्ही दोघींनी गोधड्या तिच्या अंगणात शेजारी शेजारी अंथरल्या. तिच्या गोधडीच्या वरच्या कडेला लुगड्याला एक जुना डाग होता, कसलातरी तेलकट, अर्धगोल. त्याचा उरलेला अर्धा भाग माझ्या गोधडीच्या खालच्या कडेला होता. कडेला कड लावली तर डाग पुरा झाला. नक्कल कोणाचीच नव्हती. म्हातारीने एकच लुगडं कापून दोघींना दिलं होतं आणि दोघींना एकच थाप मारली होती.

बहीण हसायला लागली. मला काही लगेच हसू आलं नाही. सासरची इतकी वर्षं ज्याच्या जोरावर काढली ते असं अंगणात दोन तुकडे होऊन पडलं होतं. मग तिने चहा आणला आणि तीही सांगायला लागली, नवऱ्याशी वाजलं की ती कशी गोधडी काढून बसायची आणि म्हणायची, बोल बाबा, माझ्याकडे काय आहे ते तुला कुठे ठाऊक आहे. अगदी माझंच वाक्य. तेव्हा मात्र मलाही हसू आलं.

चहा पिता पिता तिच्या मनात पाल चुकचुकली. "ताये, पदर कुठं गेला?"

खरंच. लुगड्याचा पदर दोघींच्याही गोधडीत नव्हता. त्या लुगड्याचा पदर मला चांगला आठवतो, जांभळा, त्यावर बारीक कुयऱ्या. गौरीला आजी तो दोन्ही खांद्यांवरून घ्यायची. आमच्याकडे आली होती ती नुसती अंगाची कापडं. म्हणजे तिसरी गोधडी होती, आणि लुगड्यातला चांगला भाग त्या तिसरीत गेला होता. तिथे बसल्या बसल्या आमच्या दोघींचं भांडण मिटलं आणि आम्ही मिळून तिसरीच्या मागे लागलो.

पहिला संशय आत्यावर. पोटची मुलगी, तिलाच दिला असणार. आम्ही दोघी तिच्या घरी जाऊन गोड बोलून विचारायला लागलो, पण ती आमच्यापेक्षा पक्की निघाली. कशाला विचारताय, म्हणून उलटतपासणीच सुरू केली, आणि दोन गोधड्यांची हकीकत आमच्याकडून काढून घेतली. मग जी चिडली! "माझ्या आयनं नातींना लुगडं फाडून दिलं, आनि मला एक चिंधी नाय? मी काय परकी होती काय?" देवावर हात ठेवून शपथ घेतली तिने. वर आमच्याशी बोलणं टाकलं, ते अजून पुरतं सुरू झालेलं नाही.

राहिली आई. पण आईला आजी पदर देईल हे मला स्वप्नातही पटलं नसतं. पिंपातल्या तांदळावरून जिला जन्मभर चोर ठरवलं, तिला? तरी मी गावी गेल्यावर सहज विचारल्यासारखं विचारलं, "आये, आजीच्या त्या हिरव्या लुगड्याचा पदर कुठं गेला गो?"

आई तांदूळ निवडत होती. "मला काय म्हाईत? तुझ्या आजीनं मला कधी काय दिलं?" म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिची नजर क्षणभर वर माळ्याकडे गेली.

मला एवढं पुरे होतं. पण आईच्या घरात आईच्या देखत माळ्यावर चढणं शक्य नव्हतं. गुडघे दुखतात म्हणून ती घरातून हलायचीच नाही. मी वाट बघत राहिले.

वैशाखात संधी आली. पावसाआधी कौलं चाळायची होती, आणि गडी म्हणाला, माळा रिकामा करून द्या, वरून कचरा पडेल. मी मुद्दाम दुकान बंद ठेवून गेले. जाताना माझी गोधडीही नेली. शहापूरच्या आमच्या खोलीला गच्ची नाही, गावच्या अंगणात तिला ऊन दाखवता येतं, हे एक कारण. दुसरं कारण तुम्ही ओळखलं असेलच.

माळ्यावरून मी एकेक वस्तू खाली दिली. फुटका पाटा, सुपं, पाळण्याची दोरी, वडिलांची छत्री. अगदी कोपऱ्यात, भिंतीला लावून, खताची एक प्लॅस्टिकची गोण होती. तोंड सुतळीने बांधलेलं आणि वर एक गंजका विळा ठेवलेला. मी विळा उचलला तशी आई खालून ओरडली.

"त्याला हात लावू नको!"

इतक्या जोरात तिला ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. छपरावरचा गडीसुद्धा वाकून बघायला लागला. मी गोण तशीच खाली आणली. आई मागे सरकली. "बाहेर ठेव. घरात उघडू नको. आदी विळा वर ठेव परत."

मी गोण पडवीत नेली आणि सुतळी सोडली. आत कडुनिंबाचा वाळका पाला, पार चुरा झालेला, आणि त्याखाली घडी घातलेली हिरवी गोधडी. मधोमध, अंगावर घेतल्यावर छातीशी येईल असा, कुयऱ्यांचा जांभळा पदर. नवी कोरी. एकदाही पांघरलेली नव्हती.

पदर आईला. मला आणि आतेबहिणीला मधली कापडं आणि आईला पदर. मला तिथल्या तिथे हेवा वाटला, आईचा, माझ्या स्वतःच्या आईचा. "मला काय दिलं नाय बोललीस ना?" मी जरा रागानेच विचारलं.

आई उंबऱ्याच्या आतूनच बोलली. तुझं लग्न होऊन गेलं आणि पुढच्याच थंडीत म्हातारीने ही माझ्या अंथरुणावर आणून टाकली, म्हणाली. तोंडातून शब्द काढला नाही, नुसती टाकली आणि गेली. आईने ती उचलून बघितली आणि मधोमध बोटांना गाठ लागली. आत काहीतरी बांधून शिवलेलं. दुसऱ्याच दिवशी आई तापाने आडवी झाली. शेजारच्या म्हातारीला दाखवलं, तर ती म्हणाली, सासूने सुनेला फुकट दिलेलं आहे आणि आत गाठ आहे, मग तूच काय ते समज.

"करनी?" मी विचारलं.

"मंग काय असंल?"

"एवढी वर्षं ठेवलीस कशाला मग? जाळून टाकायची."

आईने माझ्याकडे वेड्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. "जाळली त आतलं बाहेर निघंल ना. नदीत टाकली त खाली कोन पानी पितं त्याला लागंल. कोनाला दिली त त्याचं वाटोळं." म्हणून कडुनिंब घातला, वर लोखंड ठेवलं आणि माळ्यावर चढवली. आणि नंतर हळूच म्हणाली, "आनि पदर होता तिचा. टाकायला हात होईना."

मी पडवीतच बसले. मला हसायचं होतं की रडायचं, ठरेना. मी सांगितलं, "आये, तो भात हाय. गोदडीचं पोट उपाशी ठेवू नये म्हनून आजी घालायची. लहानपनी मला सांगलं होतं तिनं."

"तुला सांगंल ती. तुझ्याशी गोड होती."

"माझ्या गोदडीत पन हाय."

"तुझ्यात भात असंल. माझ्यात काय हाय ते तुला काय म्हाईत?"

मीही त्याच घरातली आहे, मलाही हाच प्रश्न पडला असता. तिची गोधडी उसवून दाखवते म्हटलं, तर तिने हात जोडले, उघडू नको, तुला लेकरं हायत. मग मी माझी आणली. अंगणात उन्हात पसरली होती ती उचलून पडवीत आणली आणि आईच्या शिवणाच्या डब्यातलं ब्लेड घेतलं. माझ्या गोधडीचं पोट. आजीने नजर अधू झाल्यावर घातलेले टाके, एकेक वाकडा, एकेक घट्ट. मला अगदी जिवावर आलं होतं ते. पण मी उसवलं. आतून लाल चिंधीची पुरचुंडी निघाली. ती सोडली आणि दाणे हातावर घेऊन उंबऱ्याशी गेले.

आईने वाकून बघितलं. एक दाणा उचलला, दातांखाली धरला, साल सोललं. शेतकऱ्याच्या घरातली बाई, भात तिला कोण शिकवणार. मग ती उंबरा ओलांडून पडवीत आली, गुडघ्यांवर हात देत गोणीपाशी बसली आणि आपल्या गोधडीच्या पोटावर हात ठेवला. बराच वेळ बोटांनी चाचपत राहिली. चिंधीतले दाणे बोटाखाली एकावर एक सरकतात, ते मला माझ्या गोधडीमुळे पाठ आहे. तिलाही ते कळत असणार.

"मंग तोंडानं सांगायला काय झालं होतं तिला?" आई म्हणाली आणि रडायला लागली. सासू मेली तेव्हा ती चारचौघांत रडली होती, पण ते रीत म्हणून. हे तसं नव्हतं. एवढ्या वर्षांचा राग होता त्यात, आजीवरचा, आणि स्वतःवरचाही असेल. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तर तिने तो झटकला.

रडून झाल्यावर तिने सुई मागितली. दोरा मी ओवून दिला. माझे दाणे तिने परत चिंधीत बांधले, उठून पिंपामागच्या कणगीतला चिमूटभर नवा भात त्यात घातला आणि माझ्या गोधडीचं पोट शिवून टाकलं. तिचे टाके आजीच्या टाक्यांपेक्षा मोठे आहेत, लगेच ओळखू येतात. आता माझी मूळ प्रत राहिलेली नाही. असू दे.

मग ती पडवीतच आडवी झाली आणि तिने ती नवी कोरी गोधडी अंगावर ओढून घेतली. वैशाखातली दुपार, अर्धी कौलं काढलेली, वाऱ्याचा पत्ता नाही. तिच्या कपाळावर घाम आला होता.

"आये, उकडंल ना."

"उकडू दे."

पदराच्या कुयऱ्यांवर ती हात फिरवत होती. मला वाटलं आता डोळा लागेल. तेवढ्यात म्हणाली, "तिनं कधी विचारलं काय गो तुला? मी पांघरते काय ते?"

माझ्या डोळ्यांसमोर दांडीकडे बारीक डोळे करून बघणारी आजी आली. दर खेपेचा तो एकच प्रश्न. ती चोरी शोधत नव्हती. आपली गोधडी शोधत होती. आणि ती कधीच दिसली नाही, तेव्हा सुनेने ती माहेरी दिली की विकून टाकली, यातलं काहीतरी मनात धरून ती गेली असणार. तिचा स्वभाव मला चांगला ठाऊक आहे.

"विचारायची," मी म्हटलं. "दर वेळी."

"मंग तू काय सांगायचीस?"

"चादर पांघरते, असं सांगायचे."

आईने गोधडी डोक्यावरून ओढून घेतली. छपरावरून गड्याने पाणी मागितलं आणि मी तांब्या भरायला आत गेले.